४६ मतांची आमदारकी: पर्थच्या एडिथ कोवन यांचं प्रकरण

१९२०मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे ॲटर्नी जनरल थॉमस ड्रेपर यांनी विधिमंडळात एक आटोपशीर विधेयक आणलं. राज्याच्या विधिमंडळावर निवडून जायला बायकांना मनाई होती, ती या कायद्याने उठली. पुढच्याच मार्चमध्ये, १२ मार्च १९२१ला, विधानसभेची निवडणूक झाली. ड्रेपर आपल्या वेस्ट पर्थ मतदारसंघातून पुन्हा उभे राहिले आणि पडले. त्यांना पाडणारी उमेदवार बाई होती, ५९ वर्षांची, पाच मुलांची आई, आणि तीही त्यांच्याच नॅशनलिस्ट पक्षाची. फरक ४६ मतांचा. एडिथ कोवन ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याही विधिमंडळात निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

किस्सा म्हणून हे इतकं फक्कड आहे, की सांगणारे बहुधा इथेच थांबतात. मंत्र्याने दार उघडलं आणि बाईने त्यालाच बाहेर काढलं. पण मग पुढचं काय? तीन वर्षांनी, १९२४मध्ये, याच मतदारसंघाने एडिथबाईंना घरी बसवलं. १९२७ला त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा हरल्या. म्हणजे तीन निवडणुका, एक विजय. मधल्या तीन वर्षांत मात्र त्यांनी दोन खासगी विधेयकं मंजूर करून घेतली. सरकारी पाठबळ नसताना एका नवख्या आमदाराने दोन कायदे करून दाखवणं ही सोपी गोष्ट नव्हे.

माझं म्हणणं असं, की त्यांचं जिंकणं आणि हरणं एकाच गोष्टीतून आलं. ते नीट कळायचं तर ‘पहिली स्त्री’ हा मुकुट जरा बाजूला ठेवून वेस्ट पर्थचं राजकारण बघावं लागतं.

घरची पार्श्वभूमी

एडिथ डर्कसी ब्राउन यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१चा, जेराल्डटनजवळच्या ग्लेनगॅरी या मेंढ्यांच्या कुरणांवरचा. आजोबा जे. बी. विटनूम हे वसाहतीचे सरकारी धर्मगुरू. काका मेटलंड ब्राउन हे शोधप्रवासी. ला ग्रेंज भागात मारल्या गेलेल्या तीन गोऱ्या प्रवाशांच्या शोधात १८६५मध्ये निघालेल्या तुकडीचे ते म्होरके होते, आणि त्या मोहिमेत अनेक मूलनिवासी मारले गेले. थोडक्यात, ज्या मोजक्या जुन्या घराण्यांनी ही वसाहत चालवली त्यांपैकी एकात त्या जन्मल्या. हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांना मिळालेल्या मानात या घराण्याचा वाटा होता आणि त्यांच्या दृष्टीच्या मर्यादाही त्यातूनच आल्या.

आई बाळंतपणात गेली तेव्हा एडिथ सात वर्षांच्या होत्या. त्यांना पर्थला शाळेत ठेवलं गेलं. ही शाळा चालवणाऱ्या कोवन भगिनी पुढे त्यांच्या नणंदा होणार होत्या. वडील केनेथ ब्राउन यांनी दुसरं लग्न केलं. दारू वाढली, संसार नासला, आणि १८७६मध्ये त्यांनी दुसऱ्या बायकोला गोळी घालून मारलं. त्यांना फाशी झाली. मुलगी तेव्हा १४ वर्षांची होती.

अशा घटनेवरून थेट ‘म्हणून ती समाजसुधारक झाली’ अशी रेघ ओढण्याचा मोह होतो. आयुष्य इतकं सरळ चालत नाही. मात्र दारूपायी उद्ध्वस्त झालेली घरं, कायद्याने बाईला न मिळणारं संरक्षण आणि आईबापांच्या भांडणात पोरकी होणारी मुलं हे विषय त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावे लागले नाहीत, एवढं नक्की. १८७९मध्ये त्यांचं लग्न जेम्स कोवन यांच्याशी झालं. ते सर्वोच्च न्यायालयात निबंधक होते, १८९०मध्ये पर्थचे पोलीस मॅजिस्ट्रेट झाले. या नेमणुकीने घरी स्थैर्य आलं. शिवाय कोर्टाच्या पायरीवर रोज येणाऱ्या माणसांचं जग एरवी कुलीन घरातल्या बाईला दिसलंच नसतं, ते आता नवऱ्याच्या नोकरीमुळे घरापर्यंत पोचू लागलं.

तीस वर्षांची समितीगिरी

१८९४मध्ये पर्थमधल्या काही जणींनी काराकाटा क्लब काढला. ऑस्ट्रेलियातला हा पहिला स्त्रियांचा क्लब मानला जातो. एडिथ त्याच्या पहिल्या सचिव होत्या, पुढे अध्यक्षही झाल्या. नाव क्लब असलं तरी हा पत्ते कुटायचा अड्डा नव्हता. बायका इथे निबंध वाचत, आरोग्य आणि कायद्यावर वाद घालत, सभेत उभं राहून बोलायला शिकत. स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी लावून धरणाऱ्यांत हा क्लब आणि दारूबंदीवाल्या ख्रिस्ती स्त्रियांची संघटना पुढे होत्या.

मताधिकार १८९९मध्ये मिळाला, आणि तो निव्वळ न्यायबुद्धीने मिळाला असं समजायचं कारण नाही. १८९०च्या दशकात कूलगार्डी-कलगूर्लीला सोनं सापडलं आणि पूर्वेकडच्या वसाहतींतून पुरुषांचे लोंढे आले. हे उपरे खाणकामगार जुन्या घराण्यांची सत्ता उलथवतील अशी भीती पंतप्रधान जॉन फॉरेस्ट यांच्या गोटात होती. (तेव्हा वसाहतीच्या सरकारप्रमुखालाही ‘प्रीमियर’ म्हणजे पंतप्रधानच म्हणत.) बायका जास्त करून जुन्या वस्तीच्या भागात राहत. त्यांना मत दिलं तर पारडं सावरेल, हा हिशेब इतिहासकारांनी वारंवार दाखवून दिला आहे. आधी या मागणीला विरोध करणारे फॉरेस्ट १८९९मध्ये बदलले ते याच काळात.

आणि हे ‘स्त्रियांना मत’ सगळ्या स्त्रियांना नव्हतं. ऑस्ट्रेलिया, आशिया आणि आफ्रिकेच्या ‘मूळ रहिवाशांना’ राज्याच्या कायद्याने जमीनजुमला असल्याशिवाय मत दिलं नव्हतं, १९०७च्या कायद्याने तीही वाट बंद झाली. आशिया म्हटलं की त्यात हिंदुस्थानी आले. वसाहती एकत्र येऊन बनलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघराज्याच्या १९०२च्या कायद्यातही असंच कलम होतं; ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोकांपुरतं १९२५मध्ये काढलं गेलं, त्याआधी १९२२मध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियाभर फिरून हा प्रश्न मांडून आले होते. ज्या काळात पर्थमध्ये स्त्रीच्या आमदारकीचं कौतुक चाललं होतं त्याच काळात त्याच देशातली मूलनिवासी स्त्री आपल्याच भूमीत मतदार नव्हती. कोवन यांच्या गौरवलेखांतून ही बाब सहसा गाळली जाते.

परत त्यांच्या कामाकडे. टाकलेल्या, अविवाहित मातांसाठी आसराघर. १९०६मध्ये बालसंरक्षण संस्था, तिच्या रेट्यातून मुलांसाठी वेगळं न्यायालय, कारण तोवर दहा वर्षांचं पोरही चोरीसाठी मोठ्यांच्याच पिंजऱ्यात उभं केलं जाई. कामावर जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघर. बाळंतिणींसाठी सरकारी रुग्णालय हवं ही मोहीम कित्येक वर्षं चालली, तेव्हा कुठे १९१६मध्ये किंग एडवर्ड मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. त्याच्या सल्लागार मंडळाचं काम त्यांनी पाहिलं. १९१५मध्ये त्या बालन्यायालयाच्या खंडपीठावर नेमल्या गेल्या, १९२०मध्ये जस्टिस ऑफ द पीस म्हणजे मानद दंडाधिकारी झाल्या. महायुद्धात रेड क्रॉस आणि परतणाऱ्या सैनिकांच्या स्वागताचं काम, त्याबद्दल १९२०चा ओबीई हा ब्रिटिश किताब. १९१३ ते १९२१ राज्याच्या स्त्री-परिषदेचं अध्यक्षपद.

ही यादी वाचताना कंटाळा येतो हे मला मान्य आहे, पण या प्रकरणाचा कणा तोच आहे. तीस वर्षं ही बाई समित्यांमध्ये बसली. समितीत काम कसं होतं? एक विषय घ्यायचा, त्याची माहिती गोळा करायची, विरोधकाच्या घरी चहाला जायचं, मंत्र्याला पत्रावर पत्र लिहायचं, आणि काम झाल्यावर श्रेय कुणी घेतलं याकडे दुर्लक्ष करायचं. तिथे पक्ष नसतो. आज या मुद्द्यावर जो आपल्या विरुद्ध, तो उद्या दुसऱ्यावर आपल्या बाजूचा असतो. एडिथबाईंचा हा स्वभाव ५९व्या वर्षापर्यंत पक्का झाला होता, आणि तोच घेऊन त्या सभागृहात गेल्या.

मतपत्रिकेची करामत

आता मूळ प्रश्न. विद्यमान ॲटर्नी जनरल, सुरक्षित मतदारसंघ, आणि विरोधात पहिलीच निवडणूक लढवणारी स्त्री. मग ड्रेपर पडले कसे?

‘बायकांनी बाईला निवडून दिलं’ हे उत्तर चटकन सुचतं आणि तितक्याच चटकन कोसळतं. साउथ ऑस्ट्रेलियाने बायकांना मत आणि उमेदवारी दोन्ही १८९४मध्ये दिली. तिथे पहिली स्त्री निवडून यायला १९५९ उजाडलं. संघराज्याच्या संसदेसाठी १९०२पासून बायका उभ्या राहू शकत होत्या. मेलबर्नच्या व्हिडा गोल्डस्टाइन १९०३पासून पाच वेळा लढल्या, पाचही वेळा हरल्या. तिथे पहिल्या दोघी १९४३मध्ये पोचल्या. मतदार बायका सगळीकडे होत्या. वेस्ट पर्थमध्ये वेगळं काहीतरी होतं.

एक म्हणजे मतदानाची पद्धत. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९०७पासून पसंतीक्रमाने मत देत. मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे घालतो. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली पसंती मिळाली नाही, तर शेवटच्याला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. या पद्धतीत मतं फुटण्याची धास्ती राहत नाही. त्यामुळे नॅशनलिस्ट पक्ष एकाच जागेवर एकाहून जास्त जणांना अधिकृत पाठिंबा देऊ शकत होता, आणि देतही होता. ड्रेपर आणि कोवन दोघंही नॅशनलिस्टच.

याचा अर्थ वेस्ट पर्थच्या मतदाराच्या जागेवर बसून पाहा. किंग्ज पार्क आणि संसद भवनाजवळचा हा उंचावरचा, खात्यापित्या लोकांचा भाग. इथल्या बहुतेकांना मजूर पक्षाचं सरकार नको होतं. अशा मतदाराला कोवन यांच्यापुढे १चा आकडा घालताना कसलीच जोखीम नव्हती. त्याने सरकार पडणार नव्हतं, मजूर पक्षाची एक जागा वाढणार नव्हती. पक्ष तोच ठेवून फक्त माणूस बदलायचा होता. गोल्डस्टाइन यांना मत द्यायचं म्हणजे आपल्या पक्षाचं मत घालवायचं. त्यांनी पक्ष नाकारून अपक्ष लढण्याचा हट्ट धरला होता. कोवन यांच्या बाबतीत मतदाराला ही किंमत मोजावीच लागली नाही. ४६ मतांच्या फरकात या एका सोयीचा वाटा सर्वांत मोठा असावा, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, त्यांनी प्रचारात स्वतःला क्रांतिकारक म्हणून मांडलं नाही. केलेल्या कामाचा दाखला दिला. कायदा आणि सुव्यवस्थेवर भर दिला, आणि त्याला ताजा संदर्भ होता. मे १९१९मध्ये फ्रीमँटल बंदरात गोदी कामगार आणि पोलीस यांच्यात जबर चकमक झाली होती, टॉम एडवर्ड्स नावाचा कामगार त्यात गेला, आणि जेमतेम महिनाभर टिकलेलं हॅल कोलबॅच यांचं सरकार गडगडलं. वेस्ट पर्थच्या दिवाणखान्यांत ती धास्ती अजून ओसरली नव्हती. कामगार चळवळीच्या नजरेतून पाहिलं, तर एडिथ कोवन या बाजूच्या नव्हत्याच. त्या मालकवर्गाच्या पक्षाच्या उमेदवार होत्या. हे झाकायचं काही कारण नाही.

आणि तिसरी गोष्ट त्यांची बोलण्याची ढब. घरगुती आणि सामाजिक प्रश्नांकडे सभागृहाचं लक्ष नाही, तेव्हा तिथे जाऊन थोडी कटकट करणाऱ्या बायका हव्यात, असं त्या सभांमध्ये सांगत. ‘बायका कटकट करतात’ हा पुरुषांचा आरोप त्यांनी उचलून उमेदवारीचं कारण करून टाकला. विरोधकांनी मुलाबाळांकडे दुर्लक्ष करणारी बाई म्हणून हिणवलं, तेव्हा त्यांचं सर्वांत धाकटं अपत्य १८९१ सालचं होतं. तिशीला आलेल्या मुलीला आईने नेमकं किती वेळ सांभाळायचं असतं, हे आरोप करणाऱ्यांनी सांगितलं नाही.

ड्रेपर यांचं काय झालं? निवडणूक हरल्यावर त्याच वर्षी ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९३९पर्यंत त्या पदावर राहिले. पडलेल्या पुरुषाला खाली गादी अंथरलेली होती. तीन वर्षांनी पडलेल्या बाईसाठी तशी काही सोय नव्हती.

बाबागाडीचं भाडं

२८ जुलै १९२१ला कोवन सभागृहात पहिल्यांदा बोलल्या. ऑस्ट्रेलियातल्या विधिमंडळात उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून आपण आगळ्या स्थितीत आहोत, याचा उल्लेख त्यांनी केला. स्त्रीला इथे पाठवणं शहाणपणाचं नाही असं अनेकांना वाटतं हेही त्या स्पष्ट बोलल्या, आणि पुरुष सदस्यांनी स्त्रियांच्या सूचना ऐकून घेतल्या तर दोघं मिळून अधिक चांगलं काम होईल, असं मांडलं.

याच भाषणात त्यांनी रेल्वेतून बाबागाडी नेण्याबद्दल आयांना पडणाऱ्या भुर्दंडाचा विषय काढला. सोन्याच्या खाणी, रेल्वेचे नवे फाटे, गव्हाच्या जमिनी यांवर बोलायची सवय असलेल्या सभागृहात बाबागाडी आली. मला हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत हुशार क्षण वाटतो. कारण त्या पैशामागे सगळं गणित दडलेलं आहे: दर ठरवणाऱ्याने कधी तान्हं मूल, पिशवी आणि गाडी सांभाळत फलाट ओलांडलेला नाही, म्हणून बाबागाडी त्याच्या लेखी सामान ठरते. जो भाडं ठरवतो तो ती ढकलत नाही, आणि जी ढकलते तिला भाडं ठरवायला कुणी बसवत नाही. प्रतिनिधित्वाचा सिद्धांत याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

राज्याचे प्रीमियर होते जेम्स मिचेल. दुग्धव्यवसायाच्या वेडापायी लोक त्यांना ‘मू-काउ मिचेल’ म्हणत. इंग्लंडहून कुटुंबं आणून नैर्ऋत्येच्या जंगलात वसवायची ‘ग्रुप सेटलमेंट’ योजना त्यांच्याच काळातली. प्रचंड झाडं तोडून कुरणं करायची होती; हाल काढले ते मुख्यतः त्या झोपड्यांत राहणाऱ्या बायकांनी. स्थलांतरितांचं कल्याण, तान्ह्या मुलांची आरोग्यकेंद्रं, शाळेत लैंगिक शिक्षण हे विषय कोवन सभागृहात लावून धरत राहिल्या. शेवटचा विषय १९२०च्या दशकात, तोही साठी ओलांडलेल्या बाईने काढायचा म्हणजे धाडसच.

दोन कायदे

पहिला कायदा वारशाचा, १९२२चा. मृत्युपत्र न करता, मागे बायको-मुलं न ठेवता एखादा तरुण गेला, तर त्याच्या मालमत्तेत आईचं स्थान बापाच्या बरोबरीचं नव्हतं. कोवन यांच्या दुरुस्तीने ते बरोबरीचं झालं. महायुद्धात हजारो अविवाहित मुलगे मेलेल्या राज्यात ही तांत्रिक बाब नव्हती.

दुसरा मोठा, १९२३चा स्त्रियांच्या कायदेशीर दर्जाचा कायदा. त्याची मुळं एका जुन्या पराभवात आहेत. एडिथ हेन्स नावाच्या तरुणीने पर्थमध्ये १९००पासून वडिलांच्याच कचेरीत वकिलीची उमेदवारी केली. १९०४मध्ये परीक्षेला बसायची वेळ आली तेव्हा परवानगी नाकारली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी एकमताने ती नाकारणं योग्य ठरवलं. वकिलांच्या कायद्यात शब्द होता ‘व्यक्ती’. इंग्लंडच्या जुन्या प्रघातात बायका कधी वकील नव्हत्या, तेव्हा विधिमंडळाने स्पष्ट म्हटल्याशिवाय ‘व्यक्ती’त स्त्री धरता येणार नाही, असा न्यायालयाचा सूर. करदाती म्हणून, आरोपी म्हणून स्त्री व्यक्ती होती. वकील व्हायचं म्हटलं की नव्हती.

न्यायालयाने चेंडू विधिमंडळाकडे टोलवला आणि विधिमंडळाने १९ वर्षं तो उचलला नाही. कोवन यांच्या कायद्याने स्त्री असणं किंवा विवाहित असणं हे कोणत्याही सार्वजनिक पदाला, न्यायिक नेमणुकीला, वकिलीसारख्या व्यवसायाला आड येणार नाही असं ठरलं. कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी वकील बायकांची रांग लागली नाही. राज्यातली पहिली स्त्री वकील प्रत्यक्ष सनद घेईपर्यंत आणखी काही वर्षं गेली. हेन्स यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. दार उघडलं तेव्हा त्यांचं वय निघून गेलं होतं.

हे दोन्ही कायदे होण्याचं कारण त्यांच्या स्वरूपात आहे. खर्च नाही, सरकारला धोका नाही, मजूर पक्षाला विरोध करायला सबब नाही. समितीत शिकलेली कला इथे पुरेपूर कामी आली: विषय पक्षाच्या रेषेबाहेर काढायचा आणि दोन्ही बाकांवरून मतं गोळा करायची.

मग पडल्या का?

कारण सभागृह म्हणजे समिती नव्हे. कोवन यांनी पक्षाचं तिकीट घेतलं, पण पटेल तसं बोलायचं आणि मत द्यायचं हा हक्क सोडला नाही. सरकारी बाकावर बसून सरकारवर टीका केली. पक्षाच्या पुढाऱ्यांना असा आमदार भरवशाचा वाटत नाही, आणि विरोधकांना तो आपला वाटत नाही. मतदारसंघाबाहेरच्या बायका त्यांना आपली प्रतिनिधी मानत, पत्रं पाठवत, पण त्यांची मतं वेस्ट पर्थमध्ये नव्हती.

आणि मग मतपत्रिकेची तीच करामत उलटली. १९२४मध्ये त्यांच्यासमोर थॉमस डेव्ही होते: ऑक्सफर्डला शिकून आलेले, युद्धावर जाऊन आलेले, चौतिशीच्या आतबाहेरचे वकील, आणि नॅशनलिस्टच. वेस्ट पर्थच्या मतदाराला पुन्हा पक्ष न बदलता माणूस बदलायची मुभा होती. १९२१ला जी सोय कोवन यांच्या पथ्यावर पडली ती आता डेव्हींच्या पडली. डेव्ही ती जागा १९३३मध्ये मरण येईपर्यंत राखून होते, शेवटी ॲटर्नी जनरलही झाले. त्याच १९२४मध्ये राज्यात मिचेल यांचं सरकार जाऊन फिलिप कॉलियर यांचं मजूर सरकार आलं.

शेजारी दुसरं उदाहरण ठेवलं की चित्र स्वच्छ होतं. १९२५मध्ये मजूर पक्षाचे आमदार जॅक होल्मन वारले. त्यांची मुलगी मे होल्मन लाकूडतोड कामगारांच्या संघटनेत वडिलांची सचिव म्हणून काम करत होती. पोटनिवडणुकीत ती फॉरेस्ट मतदारसंघातून निवडून आली, आणि पुढे १९३९मध्ये मोटार अपघातात मरण येईपर्यंत दर निवडणुकीत जिंकत राहिली. होल्मन कोवनइतकी नामांकित नव्हती. तिच्यामागे संघटना होती, पक्षशिस्त होती, लाकूड गिरण्यांच्या वस्त्यांतला हक्काचा मतदार होता, आणि तीही पक्षाबाहेर बोलत नसे. टिकून राहण्याची किंमत तिने शिस्तीत मोजली. कोवन यांनी ती मोजायला नकार दिला.

त्यांनी पक्षाशी जुळवून घ्यायला हवं होतं का? राजकारणाचा हिशेबनीस हो म्हणेल. पण शिस्तीत बसलेल्या कोवन यांनी १९२३चा कायदा मंत्र्यांच्या सवडीची वाट न पाहता खासगी विधेयक म्हणून रेटला असता, असं मला वाटत नाही. तीन वर्षांत दोन कायदे करून जागा गमावणं, की कायद्यांशिवाय बारा वर्षं बसून राहणं, यात मी पहिल्याच्या बाजूने कौल देईन. होल्मनच्या मतदारांना हे पटणार नाही, आणि त्यांचंही बरोबर असेल. लाकूड गिरण्यांतल्या कामगारांना टिकणाराच आमदार हवा होता.

नंतर

पराभवानंतर त्या समित्यांकडे परतल्या. १९२५मध्ये अमेरिकेत भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्री-परिषदेला ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या, १९२६मध्ये राज्याची इतिहास संस्था स्थापण्यात त्यांचा हात होता. ९ जून १९३२ला त्या वारल्या, काराकाटाच्या दफनभूमीत त्यांना पुरलं.

किंग्ज पार्कच्या प्रवेशापाशी त्यांच्या स्मरणार्थ घड्याळाचा मनोरा १९३४मध्ये उभा राहिला. तोही वाद झाल्याशिवाय नाही; इतक्या मोक्याच्या जागी एका बाईचं स्मारक कशाला, असा विरोध झाला. आज ५० डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे, १९९५पासून. त्यांनी निलगिरीच्या टणक फळाच्या आकाराचा एक ब्रोच मुद्दाम घडवून घेतला होता, संसदेत शिरणं हे फोडायला तितकंच अवघड आहे हे सांगण्यासाठी. तो ब्रोचही नोटेच्या नव्या आवृत्तीत आला आहे. पर्थचं एक विद्यापीठ १९९१पासून त्यांच्या नावाने चालतं, आणि तिथे शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांना हे नाव बहुधा आधी प्रवेशपत्रावर भेटतं.

नॅशनलिस्ट पक्षाला त्यांच्यानंतर विधानसभेत दुसरी स्त्री पाठवायला १९३६पर्यंत वेळ लागला. त्या फ्लॉरेन्स कार्डेल-ऑलिव्हर, मतदारसंघ सुबियाको, वेस्ट पर्थला लागूनच. त्यांनी जागा वीस वर्षं राखली, १९४९मध्ये आरोग्य खातं सांभाळत ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या पूर्ण दर्जाच्या स्त्री कॅबिनेट मंत्री झाल्या, आणि शाळेतल्या मुलांना मोफत दूध सुरू केलं.